दोन कान, एक तोंड

सासरा आणि सून एकत्र खरेदीला निघाले, की एक गोष्ट धरून चालावी. वस्तू हे निमित्त असतं. दोघांपैकी एकाला दुसऱ्याला खोटं ठरवायचं असतं. इथे वस्तू होती हातात धरून बोलायचा रेडिओ सेट, आणि खोटं ठरवायची घाई दोघांनाही सारखीच होती.

सेट हवा होता चिरंजिवांसाठी. चिरंजीव म्हणजे सासऱ्यांचा एकुलता एक आणि सुनेचा नवरा. हौशी रेडिओचं वेड त्याच्याकडे बापाकडून आलं होतं. सासरे उभी हयात मालवाहू जहाजांवर वायरलेस ऑफिसर होते. निवृत्त होऊन जमिनीवर आले, पण बोलणं अजून समुद्रापलीकडच्या माणसाशी चालल्यासारखं होतं, मोजकं आणि मोठ्यांदा. ऐकताना ते डोळे मिटून घेत. इंजिनाच्या घरघरीतून बारीकसा आवाज वेगळा काढायचा तर डोळ्यांची लुडबुड नको, असं त्यांचं शास्त्र. घरातलं कोणी बोलायला लागलं तरी ते डोळे मिटत, त्यामुळे त्यांच्याशी बोलणाऱ्याला आपण झोपलेल्या माणसाला उठवतोय असं वाटे.

मुलाने लायसन्सची परीक्षा दिली तेव्हा त्यांनी स्वतःचा सेट त्याला दिला होता. तो एकाच बँडवर, म्हणजे लहरींच्या एकाच पट्ट्यावर चालायचा, दोन मीटरच्या. बटणांवरचे आकडे पुसले गेलेले, आणि बॅटरीचं म्हणाल तर जेवण झालेल्या म्हाताऱ्यासारखी: दोन वाक्यं धड, तिसऱ्याला डुलकी. सुनेचं म्हणणं, नवा सेट घ्या. सासऱ्यांचं म्हणणं, नवी बॅटरी घाला. तसली बॅटरी आता मिळत नाही, असं सून म्हणे. मिळते, शोधायचा आळस आहे, असं सासरे म्हणत. हा वाद घरात इतका मुरला होता, की त्याची बसायची जागाही ठरून गेली होती.

सुनेनेही मागच्या वर्षी परीक्षा दिली होती. ती चष्म्याच्या दुकानात काम करायची. दिवसभर लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावून संध्याकाळी रेडिओचा अभ्यास करायची. पास झाली, लायसन्स आलं, आणि पहिल्यांदा सेट तोंडाशी धरला तेव्हा तिचं पहिलं वाक्य पुरं व्हायच्या आत सासऱ्यांनी त्यातल्या चुका काढल्या. हॅलो म्हणायचं नाही, हा टेलिफोन नव्हे. आधी कॉलसाइन, म्हणजे लायसन्सबरोबर मिळालेलं आपलं अक्षरी नाव. शेवटी ओव्हर. तिने सेट खाली ठेवला तो ठेवलाच. त्यानंतर ती नुसती ऐकायची. सासऱ्यांना वाटलं, सूनबाईंचा उत्साह ओसरला. सुनेने मात्र ती रक्कम बुडीत खाती टाकली नव्हती. येणे बाकी म्हणून जपून ठेवली होती.

आज सुट्टी होती. चिरंजीव सकाळीच जुना सेट घेऊन गावामागच्या डोंगरावर गेला होता. या हौशी मंडळींना शिखरावर जाऊन दूरदूरच्या अनोळखी माणसांना 'तुमचा आवाज कसा येतोय' हे सांगण्यात विलक्षण आनंद मिळतो. तो घरी नाही हे साधून दोघं दुकानात आली होती.

दुकान तिसऱ्या मजल्यावर होतं. खाली कुलपं-कड्यांचं दुकान, मध्ये कोणाचं तरी ऑफिस, आणि वर हा रेडिओवाला. जागा गैरसोयीची, पण खिडकी सोन्याची. खिडकीसमोर डोंगरातली खिंड उघडी होती. शिखराच्या पलीकडच्या अंगाचा आवाज गावात बहुतेक कुठेच पोचत नसे; इथे खिंडीतून सरळ आत यायचा. दुकानदार स्वतः हौशी, त्यामुळे गिऱ्हाईक जिने चढून दमलं तरी त्याला पर्वा नव्हती.

त्याने काउंटरवर दोन सेट मांडले. एक चार बँडचा, रंगीत पडद्याचा. दुसरा दोन बँडचा, साधा, खोक्यात एरियल वेगळी पडलेली. साध्याबद्दल तो एक वाक्य बोलला आणि चार बँडवाल्याकडे वळला. हा कुठे आहात ते दाखवतो, हवामान सांगतो, यात टॉर्च आहे, गाणी लागतात.

"चहा नाही ना करत?" सासऱ्यांनी विचारलं.

दुकानदाराने ते अंगाला लावून घेतलं नाही. खरी गंमत पुढेच आहे, म्हणाला. हा सेट एका वेळी दोन बँड ऐकतो. पडद्यावर दोन ओळी: वरच्या ओळीवर त्याने दोन मीटर लावला, चिरंजीव ज्या फ्रिक्वेन्सीवर असतो तीच, खालच्या ओळीवर सत्तर सेंटिमीटर. दोन्हीकडचं ऐकू येईल. दोन कान.

"आणि बोलतो कुठे?" सुनेने विचारलं.

"बोलतो एकावरच. तोंड एकच. ज्या ओळीसमोर हा बाण, तिकडे बोलणार."

"चांगलंय," सासरे म्हणाले. "आमच्याकडे काही माणसं दोन तोंडांची आहेत आणि कानाचा पत्ता नाही."

"कोणाबद्दल म्हणताय, बाबा?"

"जहाजावरचा अनुभव सांगतोय."

दुकानदाराने बाण खालच्या ओळीवर नेला, आतल्या खोलीतल्या सेटवर स्वतःचाच आवाज पोचवून दाखवला, आतला सेट बंद करून परत आला. मग चिरंजिवांची चौकशी केली. डोंगरावर गेलेत असं कळल्यावर तो म्हणाला, उतरताना खाणीच्या बाजूने येऊ नका म्हणून सांगा. तिथली लोखंडी शिडी काढलीय, नवी बसवायची आहे. शिडीच्या जागी आता नुसता कडा.

सून म्हणाली, "ते तर नेहमी तिकडूनच उतरतात."

"पाटी लावली असेल," सासरे म्हणाले.

"लावलीय ना. खाली लावलीय. चढणाऱ्यांसाठी."

यावर हसावं की कसं हे तिघांचं ठरायच्या आतच चार बँडच्या सेटमधून खरखर आली, आणि खरखरीच्या मागून चिरंजिवाचा आवाज.

कोणी ऐकत असेल तर उत्तर द्या, असं तो म्हणत होता. पाय घसरला होता. घोटा मोडला असावा, टेकवता येत नव्हता. फोन दरीत गेला होता. धुकं उतरलं होतं, हातभर पुढचं दिसत नव्हतं. आवाज शांत होता. पण नवऱ्याचा मुद्दाम शांत ठेवलेला आवाज कुठल्या बायकोला ओळखू येत नाही?

सासऱ्यांनी सेट उचलला होता. डोळे मिटले, बटण दाबलं, कॉलसाइन सांगितला आणि म्हणाले, आवाज स्वच्छ येतोय, कुठे आहेस ते सांग, ओव्हर. एक अक्षर इकडचं तिकडे नाही.

पलीकडे शांतता. मग पुन्हा तोच आवाज: "कोणी आहे का? कोणीही?"

दुकानदार फोन घेऊन जिन्याकडे धावला. दुकानात जगभरचे आवाज यायचे, फक्त मोबाइलला रेंज नसायची. तो खाली रस्त्यावर जाऊन बचाव पथकाला बोलावणार होता. जाता जाता ओरडून गेला, तो नेमका कुठे आहे ते विचारून ठेवा, धुक्यात पथक अख्खा डोंगर शोधू शकत नाही.

सासऱ्यांनी पुन्हा विचारलं. पुन्हा उत्तर नाही. तिसऱ्यांदा त्यांचा आवाज जरा चढला, इतकाच काय तो फरक.

मग चिरंजीव बोलला, आणि या वेळी त्याने ठरवून टाकलं होतं. कोणी ऐकत नाहीये. इथे बसून गारठण्यात अर्थ नाही. खाणीची शिडी जवळ आहे, बसत बसत तिथवर जातो आणि हातांच्या जोरावर उतरतो. बॅटरी शेवटच्या रेघेवर आलीय. निघताना एकदा हाक मारीन, मग सेट बंद.

"बाबा, शिडी!"

सासऱ्यांनी बटण दाबलंच होतं. शिडी काढली आहे, जागचा हलू नकोस, पुन्हा सांगतो, शिडी काढली आहे. ओव्हर. सेटमधून आली ती नुसती खरखर.

"ऐकू जात नाहीये त्यांना," सून म्हणाली. "सेट बहिरा झालाय. किती दिवस सांगत होते मी."

म्हणजे वाद ती जिंकली होती. इतके दिवस हा विजय मिळाला तर काय काय बोलायचं हे तिने मनात जुळवून ठेवलं होतं. आता तो हातात आला आणि ठेवायला जागा सापडेना.

सासऱ्यांनी मिटलेल्या डोळ्यांनीच मान हलवली. "तो सेट बहिरा नाही."

"बाबा, आता तरी—"

"बोलायला ताकद लागते, ऐकायला लागत नाही. बॅटरी मरताना आधी तोंड जातं, कान शेवटी. ज्याचं बोलणं आपल्यापर्यंत येतंय, त्याला ऐकू येतंय. मी वापरलाय तो सेट. बहिरा नाही."

लग्न झाल्यापासून सासऱ्यांचं एकही वाक्य तिने पूर्ण किमतीला घेतलं नव्हतं. काही ना काही वजावट करूनच ती ते पदरात घ्यायची. हे मात्र तिने जसंच्या तसं घेतलं. घ्यायला दुसरं काही नव्हतंच. तो सेट बहिरा नसेल, तर मग मुके आपण आहोत.

तिने सासऱ्यांच्या हाताकडे पाहिलं. त्यांनी सेट गालाशी धरला होता, पडदा बाहेरच्या बाजूला, डोळे मिटलेले. पडद्यावर दोन ओळी होत्या. बाण खालच्या ओळीसमोर होता.

"बाबा, डोळे उघडा."

"ऐकू दे."

"डोळे उघडा. आपण सत्तर सेंटिमीटरवर बोलतोय. त्यांचा सेट तो बँड ऐकतच नाही."

सासऱ्यांनी डोळे उघडले. सेट हातभर लांब धरला, जवळ आणला, पुन्हा लांब धरला. आयुष्यभर त्यांनी ज्या यंत्रांवर काम केलं, त्यांत ज्या लहरीवर ऐकायचं तिच्यावरच बोलायचं असे. एका कानाने ऐकून भलतीकडे बोलणारं यंत्र त्यांनी पाहिलं नव्हतं. माणसं पाहिली होती. त्यांचा चेहरा काही क्षण असा झाला, की सुनेला तो पाहवला नाही.

त्यांनी बाण हलवायचं बटण शोधायला एक बटण दाबलं. टॉर्च लागला. दुसरं दाबलं, एक बाई प्रेमगीत गायला लागली. तिसरं दाबल्यावर पडदाभर यादी उघडली, आणि त्या यादीत आणखी यादी. गाणं चालूच. सुनेने खिडकीतून दुकानदाराला हाक मारली. तो फुटपाथवर फोनला कान लावून, दुसऱ्या कानात बोट घालून उभा होता.

ती काउंटरकडे फिरली आणि साधा सेट उचलला. चालू केला, चालू झाला. फ्रिक्वेन्सी तिला तोंडपाठ होती. रोज संध्याकाळी ओट्याशी उभं राहून दुसरं ती काय ऐकत होती? तिने आकडे दाबले. पडद्यावर एकच ओळ आली. बटणावर अंगठा ठेवला, तेवढ्यात सासऱ्यांनी तिचं मनगट धरलं.

"एरियल. एरियल नसताना बोललीस तर सेट जळेल."

एरियल खोक्यात होती, खोकं काउंटरच्या पलीकडे. सासरे वाकले, खोकं उपडं केलं, पट्टा पडला, पुस्तिका पडली, शेवटी एरियल. तिने ती आट्यांवर टेकवली. आटे बसेनात. तिरकी बसली, काढली, पुन्हा टेकवली. रोज चष्म्यांचे मुंगीएवढे स्क्रू बसवणारी बोटं, आणि आज त्यांनी जणू असलं काम कधी पाहिलंच नव्हतं.

एकदम गाणं तुटलं. चार बँडच्या सेटला दोन मीटरवर काहीतरी ऐकू आलं होतं.

"शेवटचं बोलतोय," चिरंजिवाचा आवाज मध्येच विरत होता. "कोणी नाही. निघतो. सेट बंद कर—"

आणि ती बाई पुढच्या कडव्यापासून गायला लागली.

एरियल बसली. सुनेने खिडकीत जाऊन बटण दाबलं.

सासऱ्यांसमोर ती नवऱ्याला नेहमी अहो-जाहो करायची. ही या घराची रीत होती असं नाही. सुरुवातीला एकदा तसं झालं आणि मग बदलायला निमित्त मिळालं नाही. खोलीचं दार लागलं, की अरे.

"अरे, शिडी नाहीये!" ती म्हणाली. "शिडी काढलीय. तिथे नुसता कडा आहे. हलू नकोस. जिथे आहेस तिथेच बस. ऐकतोयस का? मी आहे. ऐकतोयस का तू?"

कॉलसाइन नाही, ओव्हर नाही. उत्तरही नाही. ती खिंडीकडे बघत राहिली. खिंडीत धुक्याशिवाय काही नव्हतं.

सासरे तिच्या बाजूला आले. आवाज अगदी खाली आणून म्हणाले, "बटण सोड."

तिचा अंगठा बटणावरच होता. तो दाबलेला असेपर्यंत पलीकडचा काही बोलला तरी ऐकू येणार नव्हतं. तिने अंगठा उचलला.

खरखर. मग खरखरीतून: "...तू? तू बोलतेयस?"



बोलू नकोस, असं तिने त्याला सांगितलं. बॅटरी जपायची होती. मी विचारीन, हो असेल तर एकदा नुसतं बटण दाबून सोड. मला खट्ट ऐकू येईल. नाही असेल तर काही करू नकोस. हे तिला कुठे शिकवलेलं नव्हतं. समोरच्याला बोलण्याचा त्रास न देता त्याला काय दिसतंय ते काढून घ्यायचं, हे ती दुकानात रोज करत होती.

शिखराच्या मागच्या अंगाला आहेस? खट्ट. खाणीच्या बाजूला? खट्ट. वाटेवरच्या पांढऱ्या खडकावर? काही नाही. खाली? काही नाही. ती थबकली. वर नाही, खाली नाही.

"खडकाजवळ पोचलाच नसेल अजून," सासरे म्हणाले. "जुन्या कुंपणाचं विचार."

कुंपणाजवळ आहेस? खट्ट.

सासऱ्यांनी खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं आणि जहाजाच्या एका टोकावरून दुसऱ्या टोकाला सांगावं तसं रस्त्यावरच्या दुकानदाराला सांगितलं: खाणीकडचं जुनं कुंपण, पांढऱ्या खडकाच्या अलीकडे. अख्ख्या रस्त्याने वर पाहिलं. दुकानदाराने फोनमध्ये ते तसंच म्हटलं आणि हात वर केला. पथक निघालं होतं.

मग उरलं वाट पाहणं. मधूनमधून सून विचारायची, आहेस ना, आणि खट्ट यायचं. सासऱ्यांनी गाणारा सेट मागच्या बाजूची बॅटरी काढूनच गप्प केला; बंद करायचं बटण कोणतं याच्या खोलात ते शिरले नाहीत. खिंडीतलं धुकं खाली सरकत गावाच्या पहिल्या छपरांवर आलं. दुकानदार खालीच थांबला होता, कारण फोन तिथेच लागत होता.

"आहेस ना?" सुनेने विचारलं.

काही आलं नाही.

तिने पुन्हा विचारलं. एरियल खिडकीबाहेर काढून विचारलं. तिने सासऱ्यांकडे पाहिलं. या वेळी त्यांचे डोळे उघडे होते.

"तोंड गेलं," ते म्हणाले. "कान असतील अजून. बोलत राहा."

"काय बोलू?"

"काहीही. तू थांबलीस, तर कोणी नाही समजून तो निघेल."

म्हणून ती बोलत राहिली. पथक कुंपणाच्या दिशेने चढतंय, हे सांगितलं. पाटी खाली लावलीय, हे सांगितलं. नवा सेट घ्यायला आलो होतो, तुला कळू द्यायचं नव्हतं, हे सांगितलं. बाबा म्हणतात तुझा सेट बहिरा नाही, मी म्हणत होते बहिरा आहे, तेव्हा बाबांना खोटं पाडू नकोस, ऐकत राहा, जागचा हलू नकोस. अधूनमधून ती अंगठा उचलायची, खरखर ऐकायची, पुन्हा दाबायची. उत्तर न देणाऱ्या माणसाशी बोलणं सोपं नसतं. हॅलो म्हणायचीही सोय नव्हती, तरी एकदोनदा ती म्हणाली. सासऱ्यांनी चूक काढली नाही. ती बोलत होती तोवर त्यांनी तोंडातून अक्षर काढलं नाही. फक्त तिचा घसा सुकलेला पाहून दुकानदाराची पाण्याची बाटली उघडून तिच्या हाताशी ठेवली.

जिन्यावर पावलं वाजली तेव्हा तिने बोलणं थांबवलं नाही. दुकानदार दारात आला, दम लागलेला, आणि आधी हातानेच सांगितलं. सापडला. कुंपणाला टेकून बसला होता. पाय सुजलाय, बाकी ठीक. सेट कानाला लावलेला होता. पथकातल्या माणसाने हाक मारली तर त्यालाच गप्प राहायची खूण केली, म्हणे, बायको बोलतेय.

सुनेने अंगठा उचलला. सेट काउंटरवर ठेवताना तिला बोटं एकेक करून सोडवावी लागली. मग ती स्टुलावर बसली आणि पाणी प्यायली.

दुकानदाराचं लक्ष चार बँडच्या सेटकडे गेलं. बॅटरी एकीकडे, सेट दुसरीकडे. बाण खाली आपणच ठेवला होता, हे त्याला आता आठवत होतं. तो काहीतरी बोलायला गेला. सासऱ्यांनी त्याला मध्येच थांबवलं. आपलेही डोळे मिटलेले होते, म्हणाले. हिशेब बरोबर झाला.

मग त्याने विचारलं, कोणता बांधू?

"हा," सून म्हणाली. साध्या सेटवर तिने हात ठेवला होता. "पण बांधू नका."

सासऱ्यांनी तो सेट तिच्या हाताखालून अलगद काढून घेतला. खिशातून चष्मा काढून लावला. पडद्यावरची एकुलती एक ओळ पाहिली, एरियल घट्ट आहे ना ते पाहिलं, पुन्हा पडदा पाहिला.

"बोलणं संपलं, की स्टेशन बंद करायचं असतं," ते म्हणाले. "कोणी ऐकत नसलं तरी."

त्यांनी बटण दाबलं आणि कॉलसाइन सांगितला. त्यांचा नाही; तिचा. लायसन्स आलं त्या दिवशी एकदाच तिने तो त्यांना वाचून दाखवला होता, आणि तेव्हा ते डोळे मिटून बसले होते. एकेक अक्षर सुटं करून त्यांनी तो म्हटला, स्टेशन बंद होत आहे असं सांगितलं, आणि अंगठा उचलून, डोळे उघडे ठेवून, खरखर ऐकत उभे राहिले.